जबलपूरच्या जमीन-दलालाची नोंदणी : दीडशे वर्षांचा मागोवा

जमीन व घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने सरकारी प्राधिकरणाकडे नाव नोंदवले पाहिजे, हा नियम जबलपुरात १ मे २०१७ पासून लागू झाला. त्या दिवशी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘रेरा’ कायदा, यातील दलालांविषयीची कलमे अमलात आली. त्याआधीच्या दीडशे वर्षांत या शहरातल्या जमिनीच्या व्यवहाराशी संबंध येणाऱ्या बहुतेकांना सरकारने कुठल्या ना कुठल्या कागदाने बांधून घेतले होते. मुद्रांक विकणाऱ्याला परवाना लागे. वकिलाला सनद लागे. महसूल कचेरीत पक्षकाराच्या वतीने उभे राहणाऱ्या एजंटालाही पात्रता सिद्ध करावी लागे. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारा दलाल तेवढा मोकळा राहिला. त्यामुळे त्याचा इतिहास स्वतंत्र दप्तरात सापडत नाही. तो इतरांसाठी केलेल्या कायद्यांच्या कडेकडेने शोधावा लागतो.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर, डिसेंबर १८१७ मध्ये, ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८२० मध्ये ‘सागर व नर्मदा प्रदेशा’त सामील झाले. १८६१ मध्ये हा प्रदेश आणि नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला, राजधानी नागपूर. तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूर, नागपूर, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांना जमीन महसुलाचे आणि कुळांचे एकच कायदे लागू होते. मालगुजार, नझूल, पट्टा, खसरा हे शब्द विदर्भात आणि जबलपुरात सारख्याच अर्थाने रुळले ते याच काळात.

जबलपुरात घरांची आणि भूखंडांची मोठी बाजारपेठ उभी राहिली ती रेल्वेमुळे. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ मध्ये येथे पोहोचली. मुंबईकडून इटारसीमार्गे येणारी जी. आय. पी. रेल्वे मार्च १८७० मध्ये तिला जबलपुरातच मिळाली आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली. नगरपालिका त्याआधी, १८६४ मध्येच, स्थापन झाली होती. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९०,३१६ होती. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आले, पुढे लष्करी वाहनांचा कारखाना आणि राज्य वीज मंडळाचे मुख्यालय आले. २०११ मध्ये महानगरपालिका हद्दीतली वस्ती १०,५५,५२५ झाली होती. रेल्वे, लष्कर, न्यायालय आणि कारखाने यांच्या या शहरात बदलीवर येणारा माणूस कायमचाच. त्याला गावची माहिती नसते, नातेवाईक नसतात, आणि घर लगेच हवे असते. अशा गिऱ्हाइकाला दलालावाचून गत्यंतर नसते.

पण दलालाला नुसते घर दाखवून भागत नाही. जबलपूरच्या जमिनीवर निरनिराळ्या राजवटींनी आणि कायद्यांनी हक्कांचे इतके थर चढवले आहेत, की शेजारी-शेजारी असलेल्या दोन भूखंडांची मालकी दोन वेगळ्या प्रकारची असू शकते. परवान्याचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. म्हणून हे थर जरा तपशिलाने पाहणे जरूर आहे.

पहिला थर छावणीचा. बंगाल इलाख्यातील छावण्यांत बंगले बांधण्यासाठी जमीन कोणत्या अटींवर द्यावी, हे गव्हर्नर जनरलच्या १८३६ च्या १७९ क्रमांकाच्या आदेशाने ठरवले गेले. ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात ती हीच पद्धत. तीत जमीन सरकारचीच राहते. धारकाचा हक्क वरच्या बांधकामापुरता असतो, आणि सरकारला महिन्याची नोटीस देऊन, बांधकामाची भरपाई चुकती करून जमीन परत घेता येते. असा बंगला हस्तांतरित करायचा तर छावणीच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र जुना कौलारू बंगला, भोवतीची मोठी बाग आणि फाटकावरची नावाची पाटी एवढेच दिसते, आणि ते सारे खासगी मालकीचे वाटते.

दुसरा थर नझूलचा. शहरातली जी जमीन सरकारची, पण शेतीखाली नाही, ती नझूल. सिव्हिल लाइन्ससारख्या वस्त्यांत ती मुदतीच्या पट्ट्याने लोकांना दिली गेली. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, भुईभाड्याची फेरआकारणी आणि अटींच्या भंगाची चौकशी ओघाने येते. राइट टाउन आणि नेपियर टाउन या जुन्या, आखीव वस्त्यांतही पट्ट्याच्या जमिनी आहेत. घेणाऱ्याने मुदत किती उरली आहे हे पाहिले नाही, तर पैसे पुऱ्या मालकीचे मोजून हाती येतो तो उरलेल्या वर्षांचा भोगवटा.

तिसरा थर मालगुजारीचा. १८६० च्या दशकातील जमाबंदीत मध्य प्रांताच्या सरकारने गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले. जबलपूरच्या राजा गोकुळदासांचे घराणे या वर्गातले सर्वांत नामांकित. सावकारी, व्यापार आणि मालगुजारी तिन्ही त्यांच्या घरात होती. १९५० च्या कायद्याने हे मध्यस्थ हक्क रद्द झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून ते सरकारकडे आले. मालगुजाराची घरे, खळी, बागा आणि खुदकास्त, म्हणजे स्वतः कसलेली, जमीन त्याच्याकडे राहिली. गावठाण, जंगल, पडीक जमीन, तलाव सरकारजमा झाले. शहर वाढत गेले तशी गढा, अधारताल अशी जुनी गावे त्यात आली, आणि १९५१ मध्ये कोणता तुकडा कोणाकडे गेला हा प्रश्न आजच्या भूखंडाच्या मालकीचा प्रश्न बनला.

त्यावर पुढचे कायदे बसले. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ ने आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून घेण्यास मनाई केली. जिल्ह्याच्या कुंडमसारख्या गोंडबहुल तहसिलीत हे कलम पदोपदी आडवे येते. शेतजमिनीवर घर बांधायचे तर ‘डायव्हर्शन’ लागते, ज्याला महाराष्ट्रात एन. ए. म्हणतात. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा जबलपूरलाही लागू होता. मध्य प्रदेशाने त्याचे निरसन फेब्रुवारी २००० मध्ये स्वीकारले, पण त्या चोवीस वर्षांत ‘अतिरिक्त’ ठरलेल्या जमिनींचे वाद त्यानंतरही न्यायालयांत चालत राहिले. १९७३ च्या नगर व ग्राम निवेश अधिनियमाने विकास आराखडे आले, आणि त्याच कायद्याखाली विकास प्राधिकरणाच्या योजना आल्या. या सगळ्यांतून वाट काढणारा माणूस कायद्याचा जाणकार असावा, असे कोणालाही वाटेल. पण दलालाकडून तशी जाण असल्याचा पुरावा मागणारे कोणी नव्हते.

इंग्रजी अमदानीत दलालावर जे बंधन होते ते भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणातून आलेले. त्यानुसार प्रतिनिधीने धन्याच्या सांगण्याप्रमाणे वागावे, योग्य कसब व काळजी वापरावी, हिशेब द्यावा, आणि धन्याला न कळवता त्याच धंद्यात स्वतःचा व्यवहार करू नये. केल्यास त्यातला नफा धनी मागू शकतो. ही कलमे उत्तम आहेत आणि आजही लागू आहेत. पण त्यांचा आधार घ्यायचा तर फसलेल्या माणसाने दिवाणी दावा लावावा लागतो. दलाल लबाड ठरला तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर दाखवायला तो मोकळाच.

त्याच सुमारास महसूल कचेरीच्या आवारातल्या लोकांबाबत सरकारची भूमिका अगदी वेगळी होती. १८७९ च्या कायदे व्यावसायिक अधिनियमाने वकील, मुखत्यार आणि ‘रेव्हेन्यू एजंट’ यांची पात्रता, परीक्षा व दाखले ठरवून दिले. त्याच कायद्याच्या कलम ३६ ने न्यायालयांना पक्षकार पटवून आणणाऱ्या दलालांच्या याद्या लावण्याचा आणि त्यांना आवारात मज्जाव करण्याचा अधिकार दिला. म्हणजे न्यायाच्या दारातली मध्यस्थी सरकारने दोन टोकांनी हाताळली : एकीला परीक्षा घेऊन मान्यता दिली, दुसरीला यादी लावून हाकलले. जमिनीच्या बाजारातली मध्यस्थी या दोन्हींतून सुटली, कारण ती कचेरीबाहेर, बैठकीत आणि चहाच्या टपरीवर चालत होती आणि सरकारच्या साऱ्याला तिच्यामुळे धक्का लागत नव्हता. व्यवहार पक्का झाला की खरेदीखत नोंदवायला पक्षकार निबंधकाकडे येतच. नोंदणी आणि मुद्रांक मिळाले की सरकारचे काम झाले.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हेच चालले. बदल घडवला तो शहराच्या कडेने उगवलेल्या वसाहतींनी. शेतकऱ्याकडून काही एकर जमीन तोंडी किंवा इकरारनाम्यावर घ्यायची, चुन्याच्या रेघा मारून तुकडे पाडायचे, बयाना घेऊन ते विकायचे आणि रस्ता, गटार, पाणी महापालिकेच्या नशिबी सोडायचे, ही रीत मध्य प्रदेशातल्या सर्व मोठ्या शहरांत रुजली. महाराष्ट्रात गुंठेवारी म्हणतात तिचीच ही बहीण. १९९८ मध्ये राज्याने कॉलोनायझर नोंदणीचे नियम केले : वसाहत पाडणाऱ्याने नगरपालिका किंवा महापालिकेच्या क्षेत्रात काम करण्यापूर्वी नोंदणी करावी, विकासकामांची हमी द्यावी, काही भूखंड तारण ठेवावेत. या नियमांनी जमीन पाडून विकणारा पकडीत आला. त्याचे भूखंड गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणारा दलाल पुन्हा बाहेरच राहिला.

दलालाची सरकारने पहिल्यांदा स्वतंत्र दखल घेतली ती करापुरती. १६ ऑक्टोबर १९९८ पासून केंद्राने ‘रिअल इस्टेट एजंट’च्या सेवेवर सेवाकर बसवला. या करासाठीच्या नोंदणीत त्याचा पत्ता आणि उलाढाल नोंदली जाई. त्याला खसरा, म्हणजे भूखंडवार महसुली नोंद, वाचता येतो का, हे विचारण्याचा प्रश्न नव्हता. पुढे, २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने, वर्षाला २० लाख रुपये किंवा अधिक उलाढाल असलेल्या अशा दलालांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली गिऱ्हाइकांची ओळख व व्यवहारांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन आले. ही दोन्ही पावले तिजोरीच्या आणि गुन्हेतपासाच्या गरजेतून पडली.

ग्राहकाच्या बाजूने विचार आधी न्यायालयांनी केला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ ठरवली. २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात त्याच न्यायालयाने मुखत्यारपत्र, इकरारनामा आणि मृत्युपत्र यांच्या त्रिकुटावर होणाऱ्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे स्पष्ट केले. हा निकाल दलालांच्या रोजच्या कामावर थेट येऊन आदळला, कारण मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी असे कागद सुचवणारा बहुधा तोच असे. कायदेमंडळांपैकी पंजाबने १९९५ च्या कायद्यात इस्टेट एजंटाच्या नोंदणीची तरतूद केली होती. हरियाणाने २००८ मध्ये केवळ प्रॉपर्टी डीलर आणि सल्लागार यांच्यासाठी वेगळा परवाना कायदा केला. मध्य प्रदेशात किंवा महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा झाला नाही.

‘रेरा’ विधेयक मार्च २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाले. मध्य प्रदेशाने त्याचे नियम त्याच वर्षी केले आणि भोपाळला प्राधिकरण स्थापण्यात देशात आघाडी घेतली. माजी मुख्य सचिव अँटनी डिसा हे त्याचे पहिले अध्यक्ष. दलालाचा विषय कायद्याच्या कलम ९ व १० मध्ये आहे. नोंदणी केल्याशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड किंवा सदनिका विकण्यात मध्यस्थी करता येत नाही. प्रत्येक व्यवहारात नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला माल विकता येत नाही, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, आणि बांधकाम व्यावसायिकाला नसलेली मंजुरी आहे असे सांगणे किंवा द्यायच्याच नाहीत अशा सोयींची जाहिरात करू देणे हा अनुचित व्यवहार ठरतो. गिऱ्हाइकाला हक्काने मिळणारी सर्व कागदपत्रे घर किंवा भूखंडाच्या बुकिंगच्या वेळीच हाती पडतील हे पाहणे दलालाचे काम ठरले. नोंदणीवाचून धंदा केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत जाऊन मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. फसवणूक सिद्ध झाल्यास नोंदणी रद्द. कायद्याच्या वैधतेलाच आव्हान मिळाले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात तो वैध ठरवला.

करार कायद्याच्या तुलनेत ही झेप मोठी आहे. लबाडी करणाऱ्याला धंद्यातूनच बाजूला करण्याचा अधिकार मध्य प्रदेशात प्रथमच कोणाकडे तरी आला. तरीही दोन उणिवा राहिल्या, आणि जबलपूरसारख्या जुन्या शहरात दोन्ही जाचक आहेत. कलम ९ हे बिल्डरने विकायला काढलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातील मालापुरते आहे. जुन्या घराची फेरविक्री, भाड्याचे घर, नझूल पट्ट्यावरचा बंगला, शेतजमीन यांतली मध्यस्थी त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. ज्या व्यवहारांत हक्कांचे थर सर्वांत गुंतागुंतीचे असतात, नेमके तेच व्यवहार बाहेर राहिले. दुसरी उणीव शिक्षणाची. कलम ९ अर्ज, शुल्क आणि कागदपत्रे मागते. अर्जदाराला काय यावे, याविषयी ते काहीच सांगत नाही.

ही दुसरी उणीव भरून काढायला महाराष्ट्राने सुरुवात केली. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने तेथील रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षेनंतरचे सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. नव्या अर्जदारांना ते १ मे २०२३ पासून लागले. आधीच नोंदलेल्यांना दिलेली १ सप्टेंबरची मुदत वाढवून १ जानेवारी २०२४ करण्यात आली. परीक्षेचे काम बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आय. बी. पी. एस. या संस्थेकडे देण्यात आले. २० मे २०२३ च्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. निकाल इतका चांगला असूनही हजारो जण परीक्षेकडे फिरकलेच नाहीत, आणि मे २०२४ मध्ये महारेराने सुमारे २० हजार दलालांची नोंदणी स्थगित केली. परीक्षा अवघड नव्हती, सक्ती नवी होती.

इतर देशांत हा विचार बराच जुना आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये दलालांसाठी परवाना कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, तेव्हा १९१९ मध्ये नव्याने केला. आज तेथे परवाना दर चार वर्षांनी नवा करताना ४५ तासांचे शिक्षण पुरे केल्याचा दाखला द्यावा लागतो, कारण कायदे बदलत राहतात आणि एकदा दिलेली परीक्षा आयुष्यभर पुरत नाही. हाँगकाँगने १९९७ मध्ये, सिंगापूरने २०१० मध्ये दलालांसाठी स्वतंत्र कायदे करून परीक्षा आणि नियामक संस्था आणल्या. महाराष्ट्राच्या आदेशाने प्रवेशाच्या दारावर परीक्षा बसवली आहे. ठरावीक काळाने पुन्हा शिकण्याची व्यवस्था अजून उभी व्हायची आहे.

जबलपूरच्या दलालाला २०१५ पासूनच किती नवे शिकावे लागले, हे पाहिले तर अशा व्यवस्थेची गरज कळते. २०१५ मध्ये राज्यात ‘संपदा’ प्रणालीवर दस्तांची ई-नोंदणी सुरू झाली आणि कागदी मुद्रांकाची जागा ई-मुद्रांकाने घेतली. दस्त तयार करणाऱ्या सेवा प्रदात्यांना त्यासाठी परवाने मिळाले. २०१८ मध्ये भू-राजस्व संहितेत मोठे फेरफार होऊन डायव्हर्शनचे जुने कलम १७२ गेले. कॉलनी विकासाचे १९९८ चे नियम जाऊन २०२१ चे नवे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संपदा २.०’ आली. पाच वर्षांपूर्वी बरोबर असलेला सल्ला यांतल्या प्रत्येक टप्प्यावर चुकीचा ठरू शकला असता.

महाराष्ट्राने प्रशिक्षणाची सक्ती संसदेत कायदा न बदलता, प्राधिकरणाच्या आदेशाने केली. मध्य प्रदेशालाही तो मार्ग मोकळा आहे. नोंदणीची मुदत ठरावीक वर्षांची असते, तेव्हा पुन्हा शिकण्याची अट नूतनीकरणालाच जोडता येईल. आणि त्या अभ्यासक्रमात नझूल, ओल्ड ग्रँट, कलम १६५ आणि मालगुजारी निर्मूलन हे विषय असलेच पाहिजेत, कारण जबलपुरात माणसे फसतात ती येथेच. फेरविक्रीचे व्यवहार कक्षेत आणायला मात्र संसदेलाच कलम ९ बदलावे लागेल. तोवर जबलपुरात जुने घर घेणाऱ्याने दलालाचा नोंदणी क्रमांक पाहूनच थांबू नये; पट्ट्याची मुदत, खसऱ्याचा उतारा आणि १९५१ पासूनची मालकीची साखळी स्वतः किंवा वकिलाकडून तपासून घ्यावी.